अवजड पिकअप ट्रकचा खडतर प्रवास आणि तो सुसह्य करण्याचे प्रयत्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाहनांच्या इतिहासलेखनात इंजिनाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे स्प्रिंगला मिळालेले नाही. वाहन किती वेगाने धावते, किती इंधन घेते आणि किती भार ओढते यांच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु त्याच वाहनात दिवसाचे आठ-दहा तास बसणाऱ्या चालकाच्या पाठीला काय सोसावे लागले, याची दखल तुलनेने कमी घेतली गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पिकअप ट्रक हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. पुढे चालकाची केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा अशी रचना असलेले हे वाहन शेतकरी, बांधकाम कंत्राटदार, वीजतंत्री, पशुपालक अशा कष्टकरी वर्गाचे साधन म्हणून जन्माला आले आणि पुढे अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या वाहनांपैकी एक ठरले. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिका १९७७ पासून चार दशकांहून अधिक काळ त्या देशातील सर्वाधिक विकली जाणारी ट्रक-मालिका राहिली आहे.

या वाहनांचा एक वर्ग 'हेवी ड्यूटी', म्हणजे अवजड कामाचा, म्हणून ओळखला जातो. मालासह ज्यांचे कमाल अनुज्ञेय वजन ८,५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३,८५० किलोग्रॅमहून अधिक असते, अशा पिकअप ट्रकांचा त्यात सर्वसाधारणपणे समावेश होतो. या वर्गातील जुनी वाहने रिकामी असताना अतिशय धक्के देतात, अशी त्यांची ख्याती आहे. हे धक्के यंत्ररचनेतील दोष होते की जाणीवपूर्वक स्वीकारलेली किंमत होती, आणि किंमत असेल तर ती कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. पिकअप ट्रकमधील स्प्रिंगरचनेचा ऐतिहासिक विकास मांडणे.
२. भारक्षमता आणि प्रवाससुख यांतील विरोधाची तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
३. जुन्या अवजड ट्रकांवर केल्या जाणाऱ्या सुधारणांचे या इतिहासाच्या प्रकाशात मूल्यमापन करणे.

पाट्यांच्या स्प्रिंगचा वारसा

पिकअप ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर दिसणारी पाट्यांची स्प्रिंग मोटारीच्या आधीची आहे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा उपयोग घोडागाड्यांत होत होता. लंडनचे गाडीबांधणीकार ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे एकस्व घेतले आणि गाडीची बैठक थेट अशा स्प्रिंगांवर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. शतकभरानंतर मोटारउद्योगाने हाच वारसा उचलला. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत पुढे एक व मागे एक अशा आडव्या बसविलेल्या पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या.

फोर्डने १९१७ मध्ये एक टन भार वाहणारा 'मॉडेल टीटी' हा सांगाडा विक्रीस आणला. त्यावरील हौदा ग्राहकाने स्वतः बांधून घ्यावयाचा असे. १९२५ च्या एप्रिलमध्ये कारखान्यातच हौदा बसविलेली 'मॉडेल टी' गाडी २८१ डॉलरला मिळू लागली. तिच्या वैशिष्ट्यांत मागील बाजूच्या अधिक भक्कम स्प्रिंगांचा समावेश होता, ही बाब लक्षणीय आहे. प्रवासी गाडीचे मालवाहू गाडीत रूपांतर करताना उद्योगाने जे मोजके बदल आवश्यक मानले, त्यांत स्प्रिंग अधिक ताठ करणे हा एक होता.

पाट्यांची स्प्रिंग टिकून राहण्यास सबळ कारणे होती. ती केवळ भार झेलत नाही, तर ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. त्यामुळे वेगळ्या दांड्यांची गरज उरत नाही. तिचा भार सांगाड्यावर दोन दूरच्या बिंदूंत विभागला जातो. ती स्वस्त असते आणि एखादा पाटा तुटला तरी बहुधा वाहन घरापर्यंत पोहोचते. मात्र पाटे एकमेकांवर घासत असल्याने त्यांच्यात घर्षण निर्माण होते. लहान खड्ड्यावर हे घर्षण मोडून स्प्रिंग हलण्यापूर्वीच धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचतो. पाटे गंजल्यावर घर्षण आणखी वाढते. म्हणजेच जुनी गाडी अधिक धक्के देते, या सर्वसाधारण अनुभवामागे निश्चित भौतिक कारण आहे.

भार आणि सुख यांतील विरोध

स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तुमानाची नैसर्गिक वारंवारिता स्प्रिंगची ताठरता व वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. व्यवहारात हे सूत्र सोप्या रूपात मांडता येते. भाराखाली स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागले असता दर सेकंदाची आवर्तने मिळतात. २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एक आवर्तन देते, तर सुमारे ६ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग दोन आवर्तने देते. एक ते दीड आवर्तनांची संथ हालचाल मनुष्यास सुसह्य वाटते. दोनच्या वर गेल्यावर वाहन 'ताठ' जाणवू लागते.

प्रवासी गाडीत चालक एकटा असो वा पाच जण बसलेले असोत, मागील ॲक्सलवरील भार तुलनेने मर्यादित प्रमाणातच बदलतो. अवजड पिकअपमध्ये मात्र तो दुपटीहून अधिक होऊ शकतो. उदाहरणादाखल, मागील स्प्रिंगांवर रिकामेपणी ९०० किलोग्रॅम व पूर्ण भरल्यावर २,२०० किलोग्रॅम वजन येते असे मानू. भरलेल्या स्थितीत १.३ आवर्तनांची सुखावह हालचाल मिळेल अशी स्प्रिंग निवडली, तर तीच स्प्रिंग रिकामेपणी सुमारे २.० आवर्तने देते. याउलट रिकामेपणी १.३ आवर्तने देणारी स्प्रिंग बसविल्यास पूर्ण भाराखाली ती खूपच दबते आणि ॲक्सल सांगाड्यावर आदळू लागतो. अभियंत्यांनी पहिला पर्याय स्वीकारला. जाहिरातीत व नोंदणीत भारक्षमतेचा आकडा द्यावा लागतो आणि तो पाळणे हे कंपनीचे उत्तरदायित्व असते. सुखाच्या आकड्याचे तसे कोणतेही बंधन नव्हते.

तथापि, मालवाहू वाहन नेहमी भरलेले नसते. माल उतरविल्यानंतरचा परतीचा प्रवास रिकामाच होतो. साधनसामग्री घेऊन कामाच्या ठिकाणी जाणारा कारागीर क्वचितच पूर्ण क्षमतेइतका भार नेतो. त्यामुळे ज्या स्थितीसाठी स्प्रिंग निवडली गेली ती स्थिती अपवादात्मक आणि जी स्थिती सोसावी लागली ती नित्याची, असा विसंवाद निर्माण झाला.

या विसंवादात रस्त्यांनीही भर घातली. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्यानंतर अमेरिकेत काँक्रीटच्या महामार्गांचे मोठे जाळे उभे राहिले. काँक्रीटचे सांधे समान अंतरावर असल्यास ठरावीक वेगाला ठरावीक लयीत धक्के बसतात. सांधे १५ फुटांवर असतील आणि वाहन ताशी ६० मैल वेगाने जात असेल, तर सेकंदाला सुमारे ५.९ धक्के बसतात. लांब चाकअंतराचा, मागे हलका असलेला ट्रक अशा रस्त्यावर विशेष उसळतो. गुळगुळीत दिसणाऱ्या महामार्गावरही चालकास स्वस्थता का लाभत नसे, याचे उत्तर येथे सापडते.

मोटारगाडीचा मार्ग वेगळा होतो

प्रवाससुखाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम झाला तो महागड्या मोटारींसाठी. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आलेले इंग्रज अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३२ च्या सुमारास सरकती वजने बसविलेली एक प्रयोगगाडी तयार केली. वजनांची जागा बदलून गाडीचे डोलणे कसे बदलते, हे तीत प्रत्यक्ष बसून अनुभवता येत असे. पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांपेक्षा मऊ असाव्यात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. खड्डा प्रथम पुढच्या चाकास लागतो व क्षणभराने मागच्या. मागील बाजूची हालचाल किंचित जलद असल्यास ती पुढच्या बाजूस गाठते आणि गाडीचे पुढे-मागे झुलणे लवकर शमते.

पुढच्या स्प्रिंगा मऊ करावयाच्या तर अखंड ॲक्सल सोडून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू देणे इष्ट होते. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या मोटारींत ही स्वतंत्र पुढील रचना आली. पिकअप ट्रक मात्र पाव शतक अखंड ॲक्सल आणि पाटे यांवरच चालत राहिले. एकाच कंपनीच्या छताखाली मोटारीत बसणाऱ्याच्या सुखाचे शास्त्र उपलब्ध असताना ट्रकमध्ये बसणाऱ्यास ते लाभले नाही. यास केवळ तांत्रिक अडचण कारणीभूत नव्हती. ट्रक हे अवजार आहे, आणि अवजाराकडून सुखाची अपेक्षा करावयाची नसते, ही धारणाही त्यामागे होती.

पिकअपमधील बदलांचा क्रम

ही धारणा १९६० च्या दशकात सैल होऊ लागली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ मध्ये 'ट्रॅव्हलेट' हा मोठ्या केबिनचा पिकअप आणला होता. त्यात केवळ चालकच नव्हे, तर कामगारांचा गट किंवा कुटुंबही बसू शकत होते. १९६० च्या मॉडेलांपासून शेव्हरोलेच्या मागील चाकांवर चालणाऱ्या पिकअपांत पुढे स्वतंत्र रचना आणि पीळ देऊन काम करणारे टॉर्शन बार आले. मागील बाजूसही हलक्या वर्गात पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा बसविल्या गेल्या. १९६३ मध्ये पुढील टॉर्शन बारांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या. फोर्डने १९६५ मध्ये 'ट्विन आय-बीम' रचना आणली. दोन भक्कम दांडे प्रत्येकी विरुद्ध बाजूस खिळलेले असल्याने एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे थेट जात नसे आणि अखंड ॲक्सलचा भक्कमपणाही बऱ्याच अंशी टिकून राहत असे. मात्र चाक वर-खाली होताना त्याचा कल बदलत असल्याने टायर असमान झिजण्याची अडचण होती.

या सुधारणा प्रामुख्याने मागील दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रकांपुरत्या होत्या. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या अवजड ट्रकांची वाटचाल अधिक संथ झाली. फोर्डने १९८० मध्ये चारचाकी शक्तीच्या ट्रकांसाठी दुभंगलेल्या पुढील ॲक्सलची रचना आणली, तेव्हा हलक्या 'एफ-१५०' ला कॉइल स्प्रिंगा मिळाल्या, तर अवजड 'एफ-२५०' ला पाटेच राहिले. एकाच वर्षी, एकाच रचनेत केलेला हा भेद या इतिहासाचे सूत्र स्पष्ट करतो. प्रत्येक नवे सुख प्रथम हलक्या, कौटुंबिक वापराकडे झुकलेल्या वाहनास मिळाले आणि कष्टाच्या कामासाठी घेतलेल्या वाहनास ते सर्वांत शेवटी मिळाले.

१९९० च्या दशकात हे अंतर आणखी स्पष्ट झाले. १९९७ च्या 'एफ-१५०' मध्ये ट्विन आय-बीमला निरोप देऊन मोटारीसारखी स्वतंत्र पुढील रचना स्वीकारण्यात आली. त्याच सुमारास अवजड वर्ग वेगळा काढण्यात आला आणि १९९९ चे मॉडेल म्हणून 'सुपर ड्यूटी' मालिका अवतरली. तिच्या चारचाकी शक्तीच्या ट्रकांत पुढेही अखंड ॲक्सल व पाटे होते. तत्पूर्वी १९९४ मध्ये डॉजने आपल्या चारचाकी शक्तीच्या अवजड 'रॅम' ट्रकांत अखंड ॲक्सल कायम ठेवून पुढे कॉइल स्प्रिंगा दिल्या होत्या. फोर्डने हा मार्ग २००५ च्या मॉडेलांत स्वीकारला. त्यामुळे प्रवास सुधारलाच, शिवाय पुढील चाके अधिक वळू लागल्याने वळणत्रिज्याही घटली. २०१४ मध्ये 'रॅम २५००' च्या मागील बाजूसही पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या. अधिक भाराच्या 'रॅम ३५००' मध्ये मात्र पाटे कायम राहिले.

या क्रमावरून असे दिसते की १९९९ ते २००४ या काळातील 'सुपर ड्यूटी' ट्रक हे जुन्या परंपरेचे अखेरचे मोठे प्रतिनिधी होत. त्यांतील पुढील पाट्यांची शॅकल पुढच्या टोकास असून मागचे टोक सांगाड्यास खिळलेले असते. चाक खड्ड्याच्या कडेवर चढताना पाटा सरळ होऊन लांबतो आणि ॲक्सल मागे सरण्याऐवजी अडथळ्याच्या दिशेने पुढे ढकलला जातो. धक्का तीव्र होण्याचे हे एक रचनागत कारण होय.

जुन्या ट्रकांवरील उपायांचे मूल्यमापन

नवा ट्रक घेणे ज्यांना परवडत नाही, असे मालक जुन्याच ट्रकचा प्रवास सुधारण्याचा प्रयत्न करतात. या उपायांचा क्रम पाहता उद्योगाने अर्धशतकात केलेली वाटचाल एकेका गाडीवर पुन्हा केली जात असल्याचे जाणवते.

पहिला उपाय टायरमधील हवेचा. अवजड पिकअपच्या 'ई' भारश्रेणीच्या टायरांत थंड स्थितीत सामान्यतः कमाल ८० पौंड प्रति चौरस इंच दाब भरता येतो. हा दाब पूर्ण भारासाठी असतो. टायर ही स्वतःच एक स्प्रिंग असल्याने रिकाम्या गाडीत कमाल दाब ठेवल्यास प्रत्येक खडा जाणवतो. टायर उत्पादकांच्या भार-दाब तक्त्यानुसार प्रत्यक्ष वजनास योग्य दाब ठेवणे हा बिनखर्चाचा आणि बहुधा सर्वाधिक गुणकारी उपाय ठरतो. परंतु कमी दाबाच्या टायरवर पुन्हा भार लादल्यास ते तापून फुटू शकतात. म्हणून माल भरण्यापूर्वी दाब वाढविण्याची शिस्त अपरिहार्य ठरते.

दुसरा उपाय दुरुस्तीचा. गंजलेले पाटे साफ करणे, त्यांच्या टोकांमधील झिजलेल्या चकत्या बदलणे, शॅकल व बुश नवे घालणे यांमुळे स्प्रिंग तिच्या मूळ स्वरूपात हलू लागते. अनेकदा रचनेचा मानला गेलेला दोष प्रत्यक्षात देखभालीचा असतो.

तिसरा उपाय शॉक ॲब्सॉर्बरचा. विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणावर चालणारी ही साधने पुढे तेलावर चालू लागली. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांच्या संशोधनातून आलेली, वायूचा दाब असलेली एकनळी रचना १९५० च्या दशकात प्रचारात आली. चांगला शॉक ॲब्सॉर्बर उसळी लवकर शमवितो, पण स्प्रिंगची ताठरता कमी करू शकत नाही. 'अधिक भक्कम' म्हणून घेतलेला अतिकडक शॉक रिकाम्या ट्रकचा प्रवास उलट बिघडवितो.

चौथा उपाय स्प्रिंग बदलण्याचा. कमी संख्येचे, अधिक लांब वा टोकाकडे पातळ होत जाणारे पाटे वापरल्यास घर्षण व ताठरता दोन्ही घटतात. काही मालक मूळ स्प्रिंगमधील एक-दोन पाटे काढून टाकतात. हा मार्ग स्वस्त असला तरी धोक्याचा आहे, कारण उरलेल्या पाट्यांवरील ताण वाढतो आणि भारक्षमता घटते. दरवाजाच्या चौकटीवरील वजनाची पट्टी मात्र जुनाच आकडा दाखवीत राहते. पुढे तो ट्रक विकत घेणाऱ्यास हा बदल ठाऊक नसण्याची शक्यता असते.

पाचवा उपाय हवेच्या फुग्यांचा. जनरल मोटर्सच्या बसगाड्यांत १९५३ पासून हवेच्या स्प्रिंगा आल्या आणि पुढे पिकअपसाठी साहाय्यक फुगे उपलब्ध झाले. फुग्यातील दाब भारानुसार कमी-अधिक करता येतो. म्हणजे स्प्रिंगची ताठरता कायमची ठरवून टाकण्याचे बंधन येथे प्रथमच सुटते. मात्र मूळ ताठ पाटे तसेच ठेवून फुगे जोडल्यास रिकामा प्रवास सुधारत नाही, केवळ भरलेला ट्रक मागे झुकत नाही. मऊ पाटे आणि फुगे यांची जोड असेल तरच दोन्ही स्थिती साधतात. फुग्यांमुळे वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन वाढते हा समजही चुकीचा आहे, कारण ती मर्यादा ॲक्सल, टायर, ब्रेक व सांगाडा यांवरही अवलंबून असते.

हौद्यात वाळूची पोती टाकण्याची जुनी रीतही याच भौतिकीवर आधारित आहे. हिवाळ्यात बर्फावर पकड मिळावी हा तिचा मूळ हेतू. वर दिलेल्या उदाहरणात २०० किलोग्रॅम वाळू टाकल्यास आवर्तने २.० वरून सुमारे १.८ वर येतात. फरक जाणवण्याइतका आहे, परंतु त्यासाठी इंधनाची किंमत मोजावी लागते आणि पोती बांधून न ठेवल्यास अपघातात ती घातक ठरू शकतात.

धक्क्यांची किंमत

प्रवाससुख हा केवळ चैनीचा विषय मानला गेल्याने त्याचा आरोग्याशी असलेला संबंध उशिरा मान्य झाला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १९९७ मध्ये सुधारलेल्या २६३१ क्रमांकाच्या मानकात उभ्या दिशेच्या कंपनांसाठी सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या पट्ट्यात मानवी शरीर सर्वाधिक संवेदनक्षम असल्याचे गृहीत धरले आहे. काँक्रीटच्या सांध्यांचे वर काढलेले ५.९ धक्के नेमके याच पट्ट्यात येतात. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी संपूर्ण शरीरावरील कंपनांची कृतिपातळी ०.५ व कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरविली. अमेरिकेच्या संघीय श्रमसुरक्षा नियमांत अशी मर्यादा घालण्यात आली नाही. परिणामी, तेथे धक्क्यांचे नियमन बाजारावर राहिले आणि ज्याची खरेदीची ऐपत अधिक, त्यास सुख आधी मिळाले.

जुने ट्रक या व्यवस्थेत एका हातातून दुसऱ्या हातात जातात. पहिला मालक सुखावह नवे मॉडेल घेतो आणि त्याचा जुना ट्रक लहान कंत्राटदाराकडे, शेतकऱ्याकडे वा नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या कारागिराकडे येतो. त्या ट्रकची भारक्षमता त्यास मिळते. ती राखण्यासाठी स्वीकारलेले धक्केही त्याच्याच वाट्यास येतात.

निष्कर्ष

जुन्या अवजड पिकअप ट्रकचा खडतर प्रवास हा अभियंत्यांच्या अज्ञानाचा परिणाम नव्हता. प्रवाससुखाचे मूलभूत शास्त्र १९३० च्या दशकातच उपलब्ध झाले होते. पूर्ण भाराचे वचन पाळण्यासाठी रिकाम्या प्रवासातील सुखाचा त्याग करण्यात आला आणि तो त्याग चालकाच्या शरीराने केला. पुढे पिकअप कौटुंबिक वाहन बनू लागला तेव्हा हाच त्याग अनावश्यक वाटू लागला व सुधारणा वेगाने आल्या. १९८० व १९९७ च्या रचनांतील हलक्या व अवजड वर्गांमधील भेद याची साक्ष देतात.

जुन्या ट्रकांवरील उपायांबाबतही हाच विवेक आवश्यक ठरतो. टायरचा योग्य दाब, झिजलेल्या भागांची दुरुस्ती आणि योग्य शॉक ॲब्सॉर्बर हे उपाय भारक्षमतेस धक्का न लावता काही अंशी सुख देतात. त्यापलीकडील प्रत्येक उपायात सुखाच्या बदल्यात काही तरी द्यावे लागते. पाटे काढणारा मालक भारक्षमता देतो, वाळू भरणारा इंधन देतो आणि मऊ पाट्यांना फुग्यांची जोड देणारा पैसा व सततची देखभाल देतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात एखाद्या साधनाची क्षमता नोंदविताना ती क्षमता कोणाच्या कष्टावर उभी राहिली, याचीही नोंद व्हावयास हवी. पिकअप ट्रकच्या पाट्यांचा इतिहास ही गरज ठळकपणे अधोरेखित करतो.